पायरीवरचे मास्तर

शमुवेल मास्तरांची आणि माझी ओळख भांडणातून झाली, आणि भांडण झालं ते ‘न्हवे’ या एका शब्दावरून.

कलेक्टर कचेरीच्या भिंतीला लागून आम्हा टायपिस्टांची टेबलं होती. वर पत्रा, खाली खडी, समोर सकाळपासून रांग. उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, नावात बदल, वारसाची नोंद. माणूस जन्मल्याचं आणि मेल्याचं दोन्ही आम्हीच टाईप करायचो, त्यामुळं मला जगातलं सगळं कळतं असा माझा पक्का समज होता. वय पस्तीस, डोकं तापट. नव्वद-ब्याण्णवचा काळ असेल. एक दिवस रांगेतनं एक उंच, हडकुळे गृहस्थ पुढं आले. पांढरा शर्ट, पांढरा पायजमा, वरच्या खिशात खडूचे तीन तुकडे. ‘‘सलाम,’’ म्हणाले. मला वाटलं, मुसलमान असतील. त्यांनी पिशवीतनं जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा काढला. पत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर बारीक, सुबक अक्षरात लिहिलेलं होतं.

पहिलंच कार्ड असं होतं : ‘अभिषेक : डोक्यावर तेल ओतून माणसाला कामाला लावणे. बसवून ठेवण्यासाठी न्हवे.’

मी टाईप करताना ‘न्हवे’चं ‘नव्हे’ केलं.

‘‘हे काय केलासा?’’

‘‘शुद्ध केलं.’’

‘‘शुद्ध करायला कुणी सांगितलंतं? आमच्या मंडळीतली म्हातारी ‘न्हवे’ म्हणती. ‘नव्हे’ म्हटलं की तिला वाटतं पाद्रीसाहेब बोलायलेत, आणि ती झोपती.’’

‘‘मास्तर, माझ्या मशीनवरनं अशुद्ध कागद बाहेर पडला तर उद्या माझ्याकडं येणार कोण?’’

‘‘मी येईन की,’’ ते शांतपणे म्हणाले.

मंडळी हा शब्दही मला नवा होता. म्हणजे आमच्याकडं मंडळी म्हणजे बायको. ख्रिस्ती लोकांत मंडळी म्हणजे सगळं चर्च, आतल्या माणसांसकट. मास्तर म्हणाले, ‘‘मी मंडळीचा चिटणीस हाय. तीस वर्षं झाली, मंडळी सांगंल ते लिवून घेतो.’’ मी म्हटलं, ‘‘आम्हीबी सगळे तेच करतो, मास्तर.’’ ते एवढ्या मोठ्यानं हसले की शेजारच्या टेबलावरची टकटक थांबली. मी ‘नव्हे’वर पांढरं लावून परत ‘न्हवे’ केलं. नाव विचारलं तर शमुवेल कांबळे, राहणार उचगाव. मीही कांबळे, मीही उचगाव! दोन गल्ल्यांच्या अंतरावर राहून ओळख व्हायला कचेरीची भिंत लागली. तेव्हापासनं ते मला ‘कांबळे’ म्हणायचे आणि मी त्यांना मास्तर.

आमच्या दोघांचे आजे एकाच महारवाड्यातले. त्यांचा आजा दुष्काळात मिशनच्या दवाखान्यात वाचला आणि ख्रिस्ती झाला. माझ्या बापानं छप्पनच्या लाटेत धम्म घेतला. मास्तर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायचे आणि रविवारी चर्चमध्ये पोरांना बायबल शिकवायचे. त्यांच्या डोक्यात एकच वेड होतं. मंडळीत जे जे शब्द बोलले जातात आणि ज्या ज्या जुन्या माणसांची नावं घेतली जातात, त्यांचा एक कोश करायचा, आणि तोही असा की उचगावातल्या निरक्षर बाईला वाचून दाखवला तर तिनं ‘व्हय’ म्हणावं.

‘‘पवित्रीकरण, नीतिमान ठरणे, त्रैक्य! बाया साठ वर्षं ही गाणी म्हणतात, कांबळे. माना हलवतात. कुणाला कळत न्हाय. मलाबी लई वर्षं कळत न्हवतं, पण मास्तर असल्यामुळं मी मान जरा जास्त हलवायचो.’’

वर्षाला दोन-तीन अक्षरं अशा चालीनं ते येत राहिले. अर्थ पक्का करायची त्यांची पद्धत अजब होती. कार्ड खिशात घालून हिंडायचे आणि रस्त्यात कुणालाही अडवायचे. ‘कृपा’चं कार्ड असं महिनाभर हिंडलं. शेवटी मंडईतल्या एका भाजीवालीला त्यांनी विचारलं, ‘‘मावशी, किरपा म्हंजे काय वं?’’ ती गिऱ्हाइकात होती. तिनं मेथी तोलली, पिशवीत टाकली आणि वरनं कोथिंबिरीच्या चार काड्या टाकल्या. ‘‘हीच की,’’ म्हणाली, आणि दुसऱ्याकडं वळली. मास्तर तिथनं जवळजवळ पळत माझ्याकडं आले. कार्डावर लिहिलं होतं : ‘कृपा : तोलून झाल्यावर वरनं टाकलेली कोथिंबीर.’ मग आठ दिवस त्यांना झोप नाही. कोथिंबीर मागावी लागते, कृपा मागायच्या आधी मिळते, मग हे बरोबर कसं? मी वैतागून म्हटलं, ‘‘मास्तर, काही बाया न मागता टाकतात!’’ तेव्हा कुठं कार्ड माझ्या मशीनवर चढलं.

एकदा तर त्यांनी तालमीत जाऊन याकोबाची गोष्ट सांगितली. हा याकोब देवदूताशी कुस्ती धरतो, देवदूत त्याच्या जांघेला हात लावतो, सांधा निखळतो, तरी पठ्ठ्या आशीर्वाद घेतल्याशिवाय सोडत नाही. पैलवान मन लावून ऐकत होते. गोष्ट संपल्यावर वस्तादांनी विचारलं, ‘‘पंच कोण हुता?’’ मास्तर म्हणाले, पंच नव्हता. ‘‘मग ही कुस्ती निकाली धरता येत न्हाय. आणि सांधा निखळवणं हा डाव न्हवं, ही बदमाशी हाय. देवदूत असला म्हणून काय झालं!’’ यावर तालमीत दोन तट पडले आणि वाद तासभर चालला. मास्तर खूश होऊन कार्ड लिहून आले : ‘आशीर्वाद : मिळतो, पण माणूस लंगडायला लागतो.’ त्रैक्याचं, म्हणजे तीन मिळून एकच देव कसा याचं, कार्ड मात्र त्यांनी तीनदा लिहिलं आणि तीनदा फाडलं. चौथ्यांदा लिहिलं, ‘पाद्रीसाहेबांना विचारा.’

त्यांची खरी माया होती ती जुन्या माणसांवर. शाळेत सांगावं तसं ते मला टेबलाशी उभं राहून सांगायचे. स्मुर्णा गावचा म्हातारा पॉलिकार्प, ज्याला अधिकाऱ्यानं सांगितलं, नुसता तुझा देव नाकार आणि घरी जा, आणि तो जळायला लाकडांच्या ढिगाकडं चालत गेला. पोरासाठी वर्षानुवर्षं रडणारी मोनिका. अंगावरचे कपडे बापाच्या हातात ठेवून निघालेला फ्रान्सिस. ही सगळी माणसं उचगाव स्टँडवर राहतात असं वाटावं इतकं जवळचं बोलायचे. आणि मग खडू काढून माझ्या टेबलाच्या फळीवर लिहायचे : रक्तसाक्षी. ‘‘साक्ष तुम्हीबी टाईप करता, कांबळे. ही रक्तानं दिलेली साक्ष. ‘र’ येऊ दे, मग बघा. तीस कार्डं तयार हाईत.’’

चिटणीस म्हणून बाप्तिस्म्याची वही त्यांच्याकडं असायची. लहान पोराच्या डोक्यावर पाणी घालून त्याला मंडळीत घेतात, तेव्हा नाव या वहीत चढतं. चाळीस वर्षांची नावं, सगळी मास्तरांच्या हातची. आणि त्यांचा एक रिवाज होता. ज्याचा बाप्तिस्मा ज्या दिवशी झाला, त्या दिवशी दरवर्षी त्याच्या घरी जायचं, लिमलेटची गोळी हातावर ठेवायची आणि ‘‘आज तुझा दुसरा वाढदिवस’’ म्हणायचं. तीन पोरांचे बाप झालेले बाप्ये ती गोळी लाजत लाजत तोंडात टाकायचे.

या वहीतली त्यांची लाडकी म्हणजे रूथ. बाप लवकर गेलेला, आई आणि ही. रविवारच्या शाळेत एकटीच प्रश्न विचारायची. कार्थेजची पर्पेतुआ नावाची तरुण बाई तान्हं बाळ बापाकडं सोपवून मरणाला सामोरी गेली, असं मास्तरांनी सांगितलं, तर ही दहा वर्षांची पोर उठून म्हणाली, ‘‘पण मास्तर, त्या बाळाचं पुढं काय झालं?’’ पर्पेतुआच्या कार्डाखाली त्यांनी नंतर लिहिलं, ‘बाळाचे पुढे काय झाले ते मला सापडत न्हाय.’ मी विचारलं, हे ठेवायचं? ‘‘ठेवा. पोरीनं विचारलंय.’’

ही रूथ शिकून सरकारी दवाखान्यात नर्स झाली. चर्चमध्ये रूथ, कागदावर सुनीता. बाप चर्चमध्ये योहान, कागदावर रामू. बापानं तिला शाळेत घालताना जातीच्या रकान्यात ‘हिंदू महार’ लिहिलं होतं. ‘ख्रिस्ती’ लिहिलं असतं तर सवलत गेली असती. आता हे नीट सांगितलं पाहिजे, कारण शहाणीसुरती माणसं यावर नाक मुरडतात. जात तीच, गल्ली तीच, गावाची वागणूक तीच. फक्त देव बदलला की सरकारच्या लेखी सगळं दुःख संपलं! आम्हा बौद्धांचंही पुष्कळ वर्षं असंच होतं. मग कायदा बदलला आणि आम्ही आत आलो. ख्रिस्ती बाहेरच राहिले. माझा दाखला निघाला तेव्हा मी कचेरीत पेढे वाटले, आणि मास्तरांनी पेढा घेऊन माझी पाठ थोपटली. तेव्हा मला काही वाटलं नाही. आता वाटतं.

मास्तरांनी स्वतः कधी सवलत घेतली नव्हती. एवढंच नाही, त्यांचा एकुलता एक मुलगा सायमन इंजिनिअरिंगच्या फॉर्मवर काय लिहू म्हणून विचारायला आला, तेव्हा त्यांनी स्वतःच्या हातानं त्या रकान्यात ‘ख्रिस्ती’ लिहिलं. थोडक्यानं जागा गेली. सायमन फाउंड्रीत लागला. भट्टीसमोर उभं राहून चेहरा काळवंडला त्याचा. बापाशी कामापुरतं बोलायचा. मास्तर म्हणायचे, ‘‘खरं लिवलं. काय करणार?’’

दोन हजारनंतर जात पडताळणीचा सपाटा सुरू झाला, आणि रूथविरुद्ध निनावी अर्ज गेला. सदर सुनीता ही ख्रिस्ती आहे, तिचा बाप्तिस्मा झालेला आहे, चर्चची वही तपासावी. अर्ज कुणी केला ते कधीच कळलं नाही. रूथ माझ्या टेबलाशी आली तेव्हा तिच्या हातात नोटीस होती. आई अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेली, घरात दुसरं कमावणारं कुणी नाही, आणि नोकरीला चार वर्षं झालेली. दाखला खोटा ठरला तर नोकरी जाणार, वर फसवणुकीची केस.

‘‘काका, मास्तरांना तुम्ही सांगा,’’ ती म्हणाली. ‘‘माझं धाडस व्हत न्हाय. चिटणिसांनी एवढं लिहून दिलं की पुरे, असं वकील म्हणाले. या नावाच्या मुलीचा बाप्तिस्मा आमच्याकडं झालेला न्हाय. एवढंच.’’

एवढंच!

मी संध्याकाळी मास्तरांच्या घरी गेलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. ‘‘न्हाय जमणार, कांबळे. बाप्तिस्मा झालाय. पाणी मी हातानं भरून ठेवलंतं त्या दिवशी. झालेलं झालं न्हाय कसं म्हणू?’’

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, ‘‘तुमच्या द अक्षरातले ते दाखलेवाले कोण होते? मीच टाईप केलेत. विसरलो न्हाय मी.’’

ती गोष्ट अशी. जुन्या काळी रोमच्या एका बादशहानं हुकूम काढला की सगळ्यांनी देवांपुढं धूप टाकायचा आणि टाकल्याचा दाखला जवळ ठेवायचा. काही ख्रिस्ती लोकांनी धूप टाकला नाही, पण वशिल्यानं दाखला तेवढा मिळवला आणि जीव वाचवला. छळ संपल्यावर हे चर्चच्या दारात येऊन रडायला लागले, आम्हाला परत आत घ्या. त्यांना लॅटिनमध्ये काय म्हणतात ते मला आठवत नाही. मास्तरांनी मराठीत शब्द केला होता, दाखलेवाले.

‘‘त्यांनी काय केलं?’’ मी म्हटलं. ‘‘कागद घेतला, जीव वाचवला, मनात देव ठेवला. आणि तुमच्या बिशपांनी सभा घेऊन त्यांना परत आत घेतलं का न्हाय?’’

‘‘घेतलं.’’

‘‘मग झालं की!’’

‘‘आधी दारात उभं केलं,’’ मास्तर म्हणाले.

‘‘पण घेतलं ना? ती पोर आणि तिची आई उद्या रस्त्यावर आली तर तुमचा पॉलिकार्प येणार हाय का त्यांना जेवायला घालायला? तुम्ही स्वतः जळा की हवं तर! दुसऱ्याच्या लेकीला ढिगावर ठेवून कसले रक्तसाक्षी हुतासा तुम्ही?’’

हे मी बोललो. आज वीस वर्षं व्हायला आली, पण वाक्य शब्दासकट ध्यानात आहे. मास्तरांनी खिशातला खडू काढला, परत ठेवला. मग म्हणाले, ‘‘टाईप करा.’’

दुसऱ्या दिवशी मी प्रतिज्ञापत्र केलं. ‘ईश्वराला स्मरून’ हे शब्द त्यांनी मला काढायला लावले. ‘‘त्याला कशाला ह्यात वडता,’’ म्हणाले. जो माणूस माझ्या कागदावरची एक वेलांटी सोडत नसे, त्यानं तो कागद न वाचता सही केली.

पण कागदावर भागलं नाही. पडताळणी समितीच्या दक्षता पथकाचे साहेब चौकशीला थेट मास्तरांच्या घरी आले. रूथलाही तिथंच बोलावलं होतं. मास्तरांनी मला निरोप धाडला, म्हणून मीही होतो. साहेब वाईट माणूस नव्हता. चहा घेतला, कप स्वतः उठून मोरीत ठेवला. मग वही मांडीवर घेतली.

‘‘अक्षर तुमचं?’’

‘‘व्हय.’’

‘‘सुनीता रामू, हिचा बाप्तिस्मा झालाय?’’

‘‘ते नाव या वहीत न्हाय,’’ मास्तर म्हणाले. शब्दाला शब्द खरा होता. मला वाटलं, सुटलो.

साहेबांनी पानं उलटली. ‘‘मग ही रूथ योहान? जन्मतारीख तीच दिसते. ही कोण?’’

‘‘मंडळीतली पोरगी.’’

‘‘आता कुठं असते?’’

‘‘ठावं न्हाय.’’

‘‘ह्या बाईंकडं बघा, गुरुजी. ह्याच रूथ आहेत का?’’

मास्तरांनी बघितलं. रूथ दारापाशी स्टुलावर बसली होती. वकिलानं सांगितल्याप्रमाणं कपाळाला ठसठशीत कुंकू. दोघांची नजर एक झाली.

‘‘मी न्हाय वळखत हिला.’’

‘‘चर्चमध्ये कधी पाहिलंय?’’

‘‘वळखत न्हाय म्हणालो की!’’ मास्तर ओरडलेच. त्यांचा चढलेला आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

साहेबांनी लिहून घेतलं. मी प अक्षरातलं पेत्राचं कार्ड टाईप केलेला माणूस. गुरूला पकडून नेल्यावर शेकोटीपाशी तीनदा ‘मी त्याला ओळखत नाही’ म्हणणारा, आणि लगेच कोंबडा आरवल्यावर रडणारा पेत्र मला माहीत होता. मास्तरांना तर होताच. कोंबडा वगैरे काही आरवला नाही. फाउंड्रीचा भोंगा झाला, आणि सायमन पाळी संपवून घरी आला. साहेब जाईपर्यंत तो भिंतीला टेकून उभा राहिला. मग बापासमोर येऊन म्हणाला, ‘‘हे जमत हुतं व्हय तुम्हाला? माझ्या फॉर्मवर लिवताना का न्हाय जमलं?’’

मास्तरांनी वही मिटून ठेवली. सायमननं जेवण केलं नाही. रूथ चपला न घालताच निघून गेली होती, त्या मी पिशवीतनं तिच्या घरी पोचवल्या.

रूथचा दाखला कायम झाला. नोकरी वाचली. मी मनात म्हटलं, चला, जिंकलो.

त्यानंतरच्या रविवारी मास्तर चर्चला गेले आणि आत गेलेच नाहीत. बाहेरच्या पायरीवर, चपला घालून, भिंतीला न टेकता उभे राहिले. उपासना सुरू झाली, संपली, लोक बाहेर आले, हे उभेच. पुढच्या रविवारीही तेच. चिटणीसपद सोडलं, वही पाद्रीसाहेबांच्या हाती दिली. पाद्रीसाहेबांनी हात धरून आत ओढायचा प्रयत्न केला. म्हणाले, ‘‘देवानं क्षमा केली, मास्तर. पेत्रालाही केली.’’ मास्तर म्हणाले, ‘‘पेत्रानं पुन्हा साक्ष दिली. मला देता येत न्हाय. मी खरं बोललो तर पोरगी जाईल.’’ पेच खराच होता. क्षमा मागायची तर आधी खरं सांगायचं, आणि खरं सांगितलं की रूथ बुडाली. माणसानं स्वतःला बाहेरनं कुलूप घालून किल्ली दुसऱ्याच्या पदराला बांधली होती.

प्रभुभोजनाच्या रविवारी भाकर आणि द्राक्षरस पायरीपर्यंत यायचा. मास्तर मान खाली घालून एक पाऊल मागं सरकायचे. ऊन, पाऊस, थंडी, चार वर्षं! पोरं त्यांना ‘वॉचमन’ म्हणायला लागली. ज्यांना लिमलेटच्या गोळ्या दिल्या ते बाजूनं जाताना घड्याळात बघायचे. मला बौद्धाला चर्चशी काय देणंघेणं, पण मी चार-पाचदा तिथं जाऊन त्यांच्याशी भांडलो. एकदा तर त्यांचे पायच धरले. म्हटलं, ‘‘मीच बोललो तुम्हाला, माझं चुकलं. आता आत जावा.’’

‘‘तुम्ही बरोबरच बोललासा, कांबळे.’’

‘‘मग?’’

‘‘तुम्ही मला सांगितलं, दाखलेवाल्यांना आत घेतलं. किती वर्षांनी घेतलं ते तुम्ही विचारलं न्हाय. मलाबी सापडलं न्हाय कुठं.’’ मग थोड्या वेळानं म्हणाले, ‘‘कृपेचं कार्ड मीच लिवलंय. मला तोंडपाठ हाय. पण ते आत जात न्हाय वं. घशाखाली उतरत न्हाय.’’ आणि त्यांचे डोळे भरून आले. मी काय करू ते सांगा! मी रस्त्यावर उभा राहून देवाला शिव्या घातल्या, माझ्या धर्मात तो नसला तरी घातल्या.

कोश य अक्षरावर थांबला. ‘र’ची कार्डं घेऊन ते आलेच नाहीत. मी दोनदा मागितली, तर म्हणाले, ‘‘त्यांची नावं लिवायला हात पाहिजे तसा.’’ तोवर कचेरीबाहेर संगणक आले होते आणि माझ्या मशीनला कुणी विचारत नव्हतं, तरी मी ती विकली नाही. वाटायचं, येतील.

आणि रूथ? तिला चर्च कायमचं बंद झालं. कोण पाहील, कोण अर्ज करील, सांगता येत नाही. कपाळावर कुंकू, देव्हाऱ्यात नवी तसबीर. दवाखान्यात जायचा तिचा रस्ता चर्चवरून जायचा. रविवारी ड्यूटी असली की स्कूटीवरून जाताना तिला पायरीवर मास्तर दिसायचे. ती बघायची नाही. तेही बघायचे नाहीत. दोघं एकमेकांना ओळखत नव्हते, तसं सरकारी कागदावर नोंदलेलं होतं.

दोन हजार सातच्या उन्हाळ्यात मास्तर पायरीवरच कोसळले. लोकांनी रिक्षात घालून जवळच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तो रूथचाच दवाखाना. मी पोचलो तेव्हा ते जनरल वॉर्डात होते, नाकात नळी, हात लाकडाच्या फळीला बांधलेला. सायमन पायथ्याशी उभा होता. बापाचे तळपाय तो बोटांनी घासत होता, जोरानं, भांडी घासावीत तसा, आणि घासता घासता रडत होता. डॉक्टर म्हणाले होते, आज-उद्याचं आहे.

रूथ ड्यूटीवर होती. आधी लांबूनच इंजेक्शनची ट्रॉली ढकलत होती. मग सलाईन बदलायला तिचीच पाळी आली. वॉर्ड भरलेला. दोन सिस्टर, एक ब्रदर, कॉटाकॉटांवर नातेवाईक. तिनं बाटली अडकवली, थेंब मोजले, आणि जायला वळली. आणि तिथंच तिचा बांध फुटला.

‘‘मास्तर,’’ ती म्हणाली. मग मोठ्यानं, ‘‘मास्तर, मी रूथ!’’

हेडसिस्टरनं मान वर केली. शेजारच्या कॉटवरची बाई उठून बसली. मी म्हटलं, ‘‘पोरी, हळू.’’ तिनं ऐकलं नाही. कपाळावर मनगट फिरवून तिनं कुंकू पुसलं, ते भुवईपर्यंत पसरलं.

‘‘मी रूथ योहान! माझा बाप्तिस्मा झालाय. तुमच्या वहीत नाव हाय माझं, तुम्हीच लिवलंय! जाऊ दे नोकरी. आई गेली माझी, आता मला कुणाची भीती न्हाय. सांगा सगळ्यांना, मास्तर. सांगा आणि मोकळं व्हा!’’

मास्तरांनी डोळे उघडले. नजर स्वच्छ होती, मी शपथेवर सांगतो, अगदी स्वच्छ. त्यांनी तिच्याकडं पाहिलं, तिच्या मागं उभ्या राहिलेल्या हेडसिस्टरकडं पाहिलं, आणि त्यांचा चेहरा भीतीनं पांढराफटक पडला. मोकळ्या हातानं त्यांनी रूथचं मनगट पकडलं.

‘‘खोटं बोलती ही,’’ ते हेडसिस्टरला म्हणाले. आवाज फाटका होता, पण शब्द न् शब्द ऐकू येत होता. ‘‘बाई, हिचं काय लिवून घेऊ नका. डोकं फिरलंय पोरीचं. मी न्हाय वळखत हिला.’’

‘‘मास्तर!’’

‘‘न्हाय वळखत.’’

रूथ कॉटच्या कडेशी खाली बसली. सायमननं तळपाय घासायचे थांबवले. हेडसिस्टर वळून दुसऱ्या कॉटकडं गेली. मास्तर आढ्याकडं बघत तेच म्हणत राहिले, न्हाय वळखत, न्हाय वळखत, आणि रूथचं मनगट त्यांनी इतकं घट्ट धरलं होतं की पहाटे ते गेल्यावर सायमनला आणि मला त्यांची बोटं एकेक करून सोडवावी लागली.